पलंग हलवू नये

पोर्ट अँटोनियो, जमैका
३ सप्टेंबर १९६१

चि. क्लॅरिस हिला आयव्होरीन आत्याचे अनेक आशीर्वाद.

ब्रिस्टलला गारठा असेल, लोकरीचे कपडे घालत जा. पोरी, मन घट्ट करून वाच. तुझे बाबा होडी घेऊन एकटेच गेले, ते वादळानंतर परतले नाहीत. आज तेरावा दिवस. बाकीच्या होड्या आल्या. शेजारची झिल्फाबाई रोज बजावते की मृतासाठी करतात ते नऊ रात्रींचं जागरण बसवा, नवव्या रात्री तुमच्या भावाचा, एग्बर्टचा पलंग दुसऱ्या भिंतीला लावा, नाहीतर त्याचं भूत आपल्या जागी झोपायला येईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. काय करू, कळव.

तुझी वाट बघणारी,
आत्या


ब्रिस्टल
९ सप्टेंबर १९६१

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्यूटीवर असताना रुग्णालयाच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच उत्तर लिहायला बसले. पाया पडते, पलंग हलवू नकोस. खिडकीतून बंदराचा दिवा दिसल्याशिवाय बाबांना झोप लागत नाही. त्यांची जागाच मोडली तर ते परत येतील कुठे? झिल्फाबाईला म्हणावं, आधी स्वतःच्या नवऱ्याचा पलंग फिरव, तो जिवंतपणीच कधी घरी झोपत नव्हता!

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझी,
क्लॅरिस


पोर्ट अँटोनियो
१८ सप्टेंबर १९६१

चि. क्लॅरिस, आशीर्वाद मागाहून. तुझे बाबा सुखरूप घरी आलेत!

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. पलंग आम्ही बुधवारीच फिरवला होता. झिल्फाबाईला काय बोल लावू, धीर मीच सोडला होता. मला माफ कर.

शनिवारी भर दुपारी बाबा आले. इंजिन बंद पडून होडी पार क्यूबाला लागली होती; तापाने फणफणलेल्या त्यांना तिथल्या कोळ्यांनी सांभाळलं. घरात शिरले, सवयीने खिडकीखाली अंग टाकलं आणि दाणकन जमिनीवर आपटले. मग ज्या शिव्या दिल्या, त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. झिल्फाबाई भूत भूत ओरडत कुंपणावरून पळाली. मी मात्र त्या शिव्या ऐकल्या आणि आनंदाने रडत सुटले. आपल्याच जागरणाची रम आपल्याला घोटभरही उरली नाही, म्हणून स्वारी अजून फुरंगटलेली आहे.

पलंग पूर्ववत लावायला गेले, तर अडवलं. म्हणाले, राहू दे. मरण मला खिडकीखाली शोधत येईल, त्याला सापडायला नको. तेव्हा नाताळला आलीस की तूही हलवू नकोस. तिथून दिवा दिसत नाही, म्हणून रोज अंधार पडला की मला विचारतात, लागला का. मी खिडकीतून बघते आणि लागला म्हणून सांगते. मग झोपतात.

दोघांवर लोभ ठेव.
तुझी,
आत्या