निवडून येण्याआधी बोलायचं ते

अण्णा,

गेल्या लोकसभेला मी पुन्हा प्रचाराला उतरले. तुमच्या निवडणुकीनंतर आयुष्यात कुणासाठी पत्रकं वाटायची नाहीत असं ठरवलं होतं आणि ते इतकी वर्षं पाळलंही होतं. तुम्ही गेल्यावर आपला मतदारसंघसुद्धा बदलला. तुमच्या वेळी वसई मुंबईच्या उपनगरांना जोडलेली होती, आता ती पालघरमध्ये आहे आणि जागा आदिवासींसाठी राखीव आहे. म्हणजे तुम्ही आज असतात तरी इथून उभे राहू शकला नसता. आईला हे कळलं असतं तर तिने देवापुढे साखर ठेवली असती.

उमेदवार होती पूर्वेकडच्या डोंगरपाड्यावरची एक चाळिशीची बाई. सरकारी दवाखान्यात नर्स होती, नोकरी सोडून राजकारणात आली, आणि एका लहान पक्षाने तिला तिकीट दिलं. माझी तिची ओळख सातिवलीतली. तिथे माझं बाटल्यांची झाकणं बनवायचं छोटं युनिट आहे हे तुम्हाला माहीत नाही. ते तुमच्यानंतर सुरू केलं. तिच्या पाड्यावरच्या काही मुली माझ्याकडे कामाला आहेत. त्यातल्या एकीला घरी मारहाण होत होती, तेव्हा ही सरळ कारखान्यात येऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ताई, तिची राहायची सोय तुमच्याकडे होईल का ते विचारायला आले. नाही म्हणालात तरी राग नाही." इतकं सरळ बोलणारं माणूस मी तुमच्यानंतर फारसं पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिकीट मिळाल्यावर तिने वसई रोडच्या सोसायट्यांमधला प्रचार बघायला सांगितलं, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

त्या दिवसांत तुमचा प्रचार सारखा आठवायचा. एक भाड्याची रिक्षा, तिच्यावर भोंगा, आणि आत माइक धरून बसलेला तुमचा वकिलीतला कारकून. त्याला 'उदारमतवादी उमेदवार' हे शब्द काही केल्या जमायचे नाहीत. माणिकपूरच्या नाक्यावर तो दर वेळी 'उदार मतदार' म्हणायचा. मला हसू आवरेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणू दे गं. मतदार उदार निघाले तर मला दुसरं काय हवंय?" जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करणारी मुलं वसई कोर्टात तुम्हालाच शोधत यायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्ही ते लपवलं नाहीत, उलट पत्रकावर छापलंत.

मग ती गिरीजची सभा. वाडीतलं एक अंगण, केळीचे घड बाजूला सारून केलेली जागा, वीसपंचवीस माणसं. मी तुमच्या शेजारी बसले आहे, विशीतली. ज्यांची जमिनीची केस तुम्ही जिंकून दिली होती ते म्हातारे बागायतदार उठतात आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "वकीलसाहेब, ही तुमची पोरगी उद्या परधर्मातल्या पोराशी लग्न करते म्हणाली, तर काय कराल?" सगळं अंगण माझ्याकडे बघतं. तुम्ही विचारही करत नाही. म्हणता, "लग्न तिचं, ती ठरवेल. बोलावलं तर जेवायला जाईन." लोक हसतात. म्हातारे हसत नाहीत. हात जोडून म्हणतात, "खरं बोललात. उद्या परत कोर्टाची पाळी आली तर तुमच्याकडेच येईन. पण मत द्यायला जमायचं नाही. आमच्याही घरात पोरी आहेत." निघताना त्यांनीच रिक्षात राजेळी केळ्यांचा अख्खा घड ठेवला. तुम्ही तो आनंदाने घेतलात. मला तेव्हा तुमचा रागच आला होता.

अनामत जप्त झाली त्या दिवशी दुपारी आपण स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. आई भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "त्या एका प्रश्नाला थोडं गोलमाल उत्तर दिलं असतंत तर काय बिघडलं असतं? निवडून आल्यावर हवं ते बोलला असतात." तुम्ही ताट बाजूला सारलंत. "म्हणजे लोकांनी एकाला मत द्यायचं आणि दिल्लीत भलताच कोणी जाऊन बसायचा? माझी मुलगी मला फसवायला शिकवते आहे!" आई म्हणाली, "जेवताना नको." तुम्ही ताट पुन्हा पुढे ओढलंत आणि पुढे कधी हा विषय काढला नाहीत. पुन्हा उभेही राहिला नाहीत.

या वेळी ते गोलमाल उत्तर सुचवणारी मी एकटी नव्हते. प्रचारावर देखरेख करायला पक्षाने एक माणूस पाठवला होता. हुशार, कमी बोलणारा. त्याचं म्हणणं असं की पाण्यावर बोला, रस्त्यांवर बोला, दवाखान्यावर बोला, पोरापोरींच्या लग्नाचं, जातीधर्माचं निकालानंतर. "ताई, देशाच्या निवडणुकीत मोकळ्या विचारांना मत पडत नाही. माणसाला पडतं, तेही त्याचे विचार फार माहीत नसले तर." मला ते पटलं. माणिकपूरच्या एका सोसायटीत सभा होती, तिथे जाताना रिक्षात मी तिला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिने ते मानलं असं मी धरून चालले.

सभा पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. दुसऱ्या रांगेतली एक पन्नाशीची बाई उभी राहिली. आवाज शांत होता. "मॅडम, घरातून पळालेल्या पोरांना तुम्ही आसरा देता, असं ऐकलंय. खरं आहे का?" पक्षाचा माणूस मोबाइलमध्ये बघू लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिला जरा वेळ मिळावा म्हणून. तिने ती घेतली नाही. म्हणाली, "खरं आहे. सज्ञान असतील तर देते, जात-धर्म न विचारता. तुमची मुलगी आली तरी देईन. आणि ती हो म्हणाली तर तुम्हाला फोनपण करेन." कोणी हसलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मागून एकाने टँकरचं विचारलं आणि सगळी सभा घाईघाईने टँकरकडे वळली.

आम्ही निघालो तेव्हा ती बाई गेटपाशी उभी होती. "फोन खरंच करता?" तिने विचारलं. मग खाली बघत म्हणाली, "आमची गेलीय. जिवंत आहे एवढंच कळलं तरी चालेल. पण खोटं कशाला बोलू, मत मी तुम्हाला नाही देणार. घरचे सगळे समोरच्या पक्षाचे आहेत." उमेदवार म्हणाली, "मताचं राहू दे. मुलीचं नाव सांगा."

ती हरली. तिसरी आली, अनामत तेवढी वाचली. पक्षाचा माणूस "बघा" एवढंच म्हणाला. पण बघायचं काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. गप्प बसली असती तर जिंकली असती असं नाही. गप्प बसणारेही पडले. आणि मोकळ्या विचारांची माणसं कधी निवडूनच येत नाहीत असंही नाही. फक्त लोकांनी त्यांना बहुतेक वेळा पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, आपला माणूस म्हणून निवडलेलं असतं आणि विचार चालवून घेतलेले असतात. तुम्हाला हे 'चालवून घेणं' आवडलं नसतं. मला आता ते कमी वाटत नाही. तुमच्याबाबतीत लोकांनी तेवढंही केलं नव्हतं.

निकालानंतर दोनएक महिन्यांनी तिने दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणींकडून त्या मुलीचा पत्ता लावला. मुलगी नाशिककडे होती. फोन झाला. माय-लेकी काय बोलल्या ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परवा ती सातिवलीला आली होती. पुढच्या लोकसभेला पुन्हा उभं राहायचं म्हणते. चहा संपवून तिने विचारलं, "ताई, असं उघड बोलून कधी निवडून येता येईल का? अगदी खरं सांगा." मी म्हटलं, "तू उभी राहा. सोसायट्या मी बघते."

अण्णा, माझं उत्तर 'नाही' असं आहे. निदान माझ्या हयातीत तरी नाही. तिच्या तोंडावर ते मला सांगता आलं नाही. तुम्हाला हे पोचायचं नाही, म्हणून इथे लिहिता येतंय. तुमच्या वेळीही मला पहिल्या दिवसापासून हेच वाटत होतं, आणि तरी मी रोज सकाळी तुमच्या आधी चपला घालून तयार असायचे.