केळीच्या खोलीतला वायू

२ फेब्रुवारी, सकाळी
पीएच.डी. यंदा होणार म्हणजे होणार. शेवटची मुदतवाढ आहे, पण मी प्रेशरखालीच खुलतो. धाकट्या बहिणीने, प्रज्ञाने, नशिराबादची केळी पिकवायची एक खोली मला दिलीय. बंद खोलीत केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो साचला की माल नीट पिकत नाही. माझं मेम्ब्रेन तो ओढून घेणार. शेवयांसारखे पोकळ धागे, अंगाला न दिसणारी भोकं. आतून हवा, बाहेरून द्रावण. वायू भोकांतून जाऊन द्रावणात विरघळणार, द्रावण मात्र भोकांत शिरणार नाही. इतकं सोपं. लोक उगाच घाबरतात.

५ फेब्रुवारी
मशीन बसवलं. प्रज्ञाच्या नवऱ्याने, रविंद्ररावांनी विचारलं, बठ्ठा माल, सगळाच्या सगळा, नासणार तर नाही ना. नुसता हसलो. धाग्यांवर धूळ होती. भांड्यांच्या लिक्विडने स्वतः धुतले. अशा कामात दुसऱ्यावर भरवसा नको.

१० फेब्रुवारी
अफलातून! खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मीटरचा आलेख रोज पहाटे धाडकन खाली येतो. म्हणजे गारव्यात मेम्ब्रेन जास्त जोरात काम करतं. हे जगात कुणालाच माहीत नसणार. नाव ठेवलं: प्रभात परिणाम. प्रज्ञाला सांगितलं, आभारात तुझं नाव टाकतो. ती केळीचे घड मोजायला लागली. भारावली असावी.

१६ फेब्रुवारी
गाइडसर म्हणाले, आलेख कुणीतरी दार उघडल्यासारखा दिसतो. जळतात, दुसरं काय. शिवाय विचारलं, धागे साबणाने धुतले का, तसं केलं तर द्रावण भोकांत शिरतं. ठणकावून नाही म्हटलं. साबण नव्हताच, लिक्विड होतं.

२३ फेब्रुवारी, पहाटे
प्रभात परिणाम डोळ्यांनी बघायला न कळवता गेलो. प्रज्ञा दार सताड उघडं टाकून उभी! रोज उघडते म्हणे.
"दादा, तुझ्या मशीनने काही होत नाही रे. तुला सांगितलं असतं तर तू खचला असतास."
सख्खी बहीण. हिला सायकल मी शिकवली. गाइडसरांनी केलं असतं तर चाललं असतं, पण हिने? फार लागलं. बोलणं बंद. दाराला माझं कुलूप ठोकलं, किल्ली खिशात.

२७ फेब्रुवारी
कुलूप काढलं. मीटरचा आकडा आभाळाला. द्रावण धाग्यांत शिरून हवेच्या पाइपातून टपकतंय. केळी वरून हिरवट, आतून मऊ. व्यापाऱ्याने हातही लावला नाही. रविंद्ररावांनी माझ्याकडे बघितलं नाही. मेम्ब्रेनचे धागे विकणाऱ्यांनीही दगाच दिला. सगळे एका माळेचे मणी.

१ मार्च
उद्या पीएच.डी.ची कमिटी खोली बघायला येतेय. मन मोठं केलं, प्रज्ञाला फोन लावला. म्हटलं, जा, तुला माफ केलं. फक्त उद्या पहाटे दार तेवढं उघडशील का? कुणाला सांगू नकोस.
ती म्हणाली, "दादा, आम्ही खोली रिकामी केली. यापुढे माल दुसरीकडे पिकवणार. आत केळीच नाहीत, तुझा आकडा आपोआप खालीच राहील."
आणि क्षणभर मला आनंद झाला. तिच्याशी फोनवर बोलताना, खरोखरचा आनंद. तो तिला ऐकू गेला असणार. त्यानंतर ती फोन उचलत नाहीये.