दामिनीच्या ओठासाठी नाटक

लाडक्या लीलाधरदादा,

तू देवाघरी गेल्यानंतरची ही गावची पहिली मंडई, दिवाळीनंतरची नाटकाची जत्रा. काल नाटक पाहताना जुनं सारं आठवलं.

माही दामिनी फाटक्या ओठाची जन्मली, तवा सासू म्हणे, "पदराखाली झाक तिले." तू मात्र नाटकात राणीचं काम करत होता, त्या लुगड्यातच तिले कडेवर घेऊन सौंदडच्या स्टेजवर उभा राहिला. म्हणाला, "हे माही भाची. आजचं नाटक हिच्या ऑपरेशनसाठी हाय."

कोणी हसलं नाही. बायाईनं टोपली फिरवली अन् भरली. मंग नागपूरले तिचा ओठ शिवला.

काल त्याच स्टेजवर दामिनी गायली. मी बाजूची खुर्ची अडवून बसली होती. कोणी विचारलं, तर म्हटलं, "माहा भाऊ येऊन राहिला."

तुही बहीण,
रेणू