पुलावरचं भाषण

प्रिय ग्वोज्देन,

बाबांचे चाळीस दिवस काल झाले. थडग्यावर मेणबत्त्या लावल्या, घरी येऊन सगळ्यांनी गोड शिजवलेले गहू खाल्ले, राकियाचा एकेक पेला घेतला. शेजारच्या मिलुंकाकाकू तुझ्याबद्दल म्हणाल्याच, "बापावर जगाला हसवलं, आता कुठल्या तोंडाने येईल?" मी त्यांना आणखी गहू वाढले. तोंड भरलेलं असलं की त्या गप्प बसतात.

अंत्यविधीच्या दिवशी तू फाटकापाशीच थांबलास. "त्यांनी मला कधी माफ केलं नाही, रादा," म्हणालास. तेव्हापासून मला चैन नाही.

तुझ्या पहिल्या चित्रपटात भर पावसात नव्या पुलाचं उद्घाटन आहे. नगराध्यक्ष फीत कापतच नाही, नुसता बोलत सुटतो आणि बँडवाल्यांच्या तुताऱ्यांत पाणी साचतं. खऱ्या उद्घाटनाला तू स्वतः त्या बँडमध्ये वाजवत होतास, त्यामुळे तो नगराध्यक्ष म्हणजे आपले बाबा हे गावाला सांगावं लागलं नाही. थोडे दिवस चालल्यावर सरकारने चित्रपट अडवला. तू कित्येक वर्षं साबणाच्या जाहिराती केल्यास. पुढे युद्धावरच्या चित्रपटांना परदेशात बक्षिसं मिळाली आणि इथे शिव्या. गावात बाबांचं नाव मात्र कायमचं 'भाषण' पडलं. कुणी तशी हाक मारली की ते टोपी काढून नमस्कार करत.

तुझा एकूण एक चित्रपट त्यांनी बेलग्रेडला जाऊन पाहिला, हे तुला ठाऊक नाही. आम्हाला सांगायचे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललोय.

या हिवाळ्यात ते अंथरुणावर असताना तोच पहिला चित्रपट टीव्हीवर लागला. मी बंद करायला उठले, तर "राहू दे" म्हणाले. वाऱ्याने नगराध्यक्षाची छत्री उलटी होते तिथे खोकला येईपर्यंत हसले. मग शांतपणे म्हणाले, "इंजिनिअरने कानात सांगितलं होतं, मधल्या खांबाला तडा गेलाय. फीत कापली असती तर सगळं गाव पुलावर चढलं असतं. आणि तड्याचं नाव काढायचं नाही असा वरून हुकूम. मग काय करतो? गव्हावर बोललो, गहू संपल्यावर डुकरांवर बोललो. शेवटी पावसाला कंटाळून लोक आपणच घरी गेले." पुढे रंगकामाच्या नावाखाली खांब दुरुस्त झाला.

मी फोन उचलला, तुला सांगायला. त्यांनी माझा हात धरला. "त्याला नको सांगूस. चित्रपट बिघडेल. चांगला काढलाय पोराने."

आज पेपरात वाचलं, तू अर्धा झालेला चित्रपट सोडून दिलास आणि यापुढे एकही काढणार नाहीस. म्हणून लिहितेय. तुझं काम बिघडू नये म्हणून बाबा इतकी वर्षं गप्प राहिले. तूच काम थांबवणार असशील, तर मी तरी कशासाठी गप्प बसू?

तुझीच,
रादोयका