साधी गाठ

प्रणित,

हे पत्र तुझ्या हाती द्यायचं नाहीच, तरी आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही. म्हणून नुसतंच नाव.

डॉक्टरी शिकत होतास तेव्हा कळव्याला माझ्या ओट्यावर बसून धडे पाठ करायचास. मी बोंबील साफ करायचे, तू बडबडायचास. एकदा चिडून आलेलास. "आत्या, आमचे सर पेशंटसमोर कॅन्सर म्हणत नाहीत, सीए म्हणतात. बिचारीला कळतच नाही, तिच्याबद्दलच बोलतायत. मी आधी पेशंटला सांगेन, मग दुनियेला."

काल तुझ्याच वॉर्डात होते मी. शिकाऊ पोरांना घेऊन आलास. पडदा न ओढताच माझा गाऊन बाजूला केलास, गाठ दाबून दाखवलीस आणि त्यांना म्हणालास, "सीए ब्रेस्ट. बायोप्सी पॉझिटिव्ह." मग माझा खांदा थोपटलास. "आत्या, टेन्शन नको घेऊ, साधी गाठ आहे." आणि पुढच्या खाटेकडे गेलास.

अरे मेल्या, ती दोन अक्षरं तूच शिकवलेलीस मला!

एक पोरगी मागे थांबली. तिने माझा गाऊन नीट केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिला अजून लाज वाटते. तुलाही वाटायची.

संध्याकाळी तुझा बाप डबा घेऊन आला. "आपल्या प्रणितने बघितलं ना? मग काळजी नाही." त्याचा फुललेला चेहरा बघून मी एवढंच म्हटलं, "हो दादा. पोरांना छान शिकवतो."

साधी गाठ असलेली,
तुझी नीलाआत्या