उंबऱ्याशी येऊन थांबणारं मेज

खांडबारा, वैशाख शके १८५७

तीर्थस्वरूप उखाकाकांच्या पायांवर लोटनचं डोकं (लाकडाचे छिलके झटकून ठेवलं आहे). तुमची कंबर कशी आहे? काकूंचा खोकला? इकडे माय बरी, तुमची सून गजरा बरी, म्हैस बरी. मी तेवढा बरा नाही, आणि त्याला कारण माझंच शहाणपण.

दुकान तुम्हाला ठाऊक आहे. दोघं पाय पसरून बसले की तिसऱ्याने रस्त्यावर बसावं. म्हणून उभ्याने काम करायचं मेज केलं. (सुताराने उभं राहून रंधा मारणं म्हणजे बापूंच्या मते वरातीत नाचणं, पण बापू माघात गेले, आता बोलणार कोण?) एका टोकाला दोन चाकं, दुसऱ्या टोकाला दोन पाय. पायांकडची बाजू उचलायची आणि ढकलत न्यायचं, काम झालं की भिंतीशी लावायचं. चाकं माझ्या पांगुळगाड्याची, तुम्हीच केलेली. अजून कुरकुरत नाहीत. आणि वर ठोकायला बापूंचा बाभळीचा ठोकळा बसवला. इथे माझं चुकलं. आपल्या घरात तेराव्याला ठोकळा पाठच्या भावाच्या हाती द्यायचा असतो, नारळासकट. तुम्ही मसणवटीतून परस्पर धानोऱ्याला गेलात, तेराव्यालाही आला नाहीत. नारळ आम्ही खाल्ला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून येतो तर मेज दाराशी, चाकं उंबऱ्याला टेकलेली. मी गजरावर ओरडलो, गजरा म्हशीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं जमीन उतरती असेल. पाणी ओतून पाहिलं तर ते मागच्या भिंतीकडे गेलं. मग जमीन सारवून घेतली, ओली असतानाच कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. परत येऊन पाहतो तर सारवणावर चाकांच्या दोन रेघा, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सरळ. मेजाच्या पायांचा ओरखडा नाही. म्हणजे ते टोक कोणीतरी उचलून धरलं होतं. आणि माणसाचं पाऊल एकही नव्हतं. काका, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी रस्त्यावर बसून काम केलं.

नांगर न्यायला आलेल्या डोंगरावरच्या वाहरूने बाहेरूनच पाहिलं. याला कुठे जायचंय ते विचारा म्हणाला, आणि नांगर न घेताच गेला. मायला विचारावं लागलं नाही. उंबऱ्यावर बसली, ठोकळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्यास्ले भाऊनी याद ई ऱ्हायनी." बापूंना तुमची आठवण येतेय, काका.

बारा वर्षांपूर्वी बैलगाडीच्या दोन चाकांमधला आंख बोटभर आखूड कापला म्हणून बापू गिऱ्हाइकासमोर तुम्हाला नको नको ते बोलले, आणि हा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही म्हणून तुम्ही निघालात. काका, माप बापूंनीच चुकीचं दिलं होतं. त्यांना ते त्याच संध्याकाळी कळलं. तुम्हाला सांगणं तेवढं राहिलं.

तुमचा,
लोटन

ता. क. खरं तर तुमचा मोठा रंधा आठ दिवस मिळेल का, एवढंच विचारायला लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा. रंधा राहू द्या. तुम्हीच या.

ता. क. तिसरा. पत्राची घडी घालतोय तोवर मेज उंबऱ्याबाहेर गेलं. चाकं धानोऱ्याच्या वाटेला लागली आहेत. माय म्हणते अडवू नका, म्हणून अडवत नाही. पत्राआधी ते पोहोचलं तर दार उघडा, काका. माफी मागायला बापूंना यापेक्षा जास्त जमणार नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.