तुमची शुगर गेली म्हणून घातलेलं पुरण

अहो,

तेरावं झालं, पाहुणे गेले, रडूनही झालं. तेव्हा लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितेय, कारण आज मला तुमचा राग आलाय. फार राग आलाय!

सकाळी माझी बीपी-शुगर दाखवायला आपल्या डॉक्टरांकडे गेले होते. ते हळहळले. म्हणाले, "काकांनी गोळ्या सोडायला नको होत्या. अर्धांगाचा झटका कदाचित टळला असता." मी म्हटलं, "सोडल्या कुठं? तुम्हीच बंद केल्या ना?" ते म्हणाले, "काकाच परवडत नाय म्हणले होते. स्वस्तातल्या लिहून देतो म्हणलं, तर परत आलेच नाहीत."

येताना आपला बजाजनगरचा स्टॉप मागे गेला तरी मी रिक्षात बसूनच होते.

आठवतं? कंपनीतून रिटायर झाल्यावर एकदा दारातूनच ओरडलात, "सुमन, शुगर गेली! बीपी पण नॉर्मल. डॉक्टर म्हणले, आता गोळ्या नाय लागत!" मला वाटलं, माझ्या कारल्याच्या रसाला यश आलं. गल्लीभर सांगत सुटले. त्याच दिवशी पुरण घातलं. नको नको म्हणालात तरी आग्रहानं वाढलं, वर वाटीभर गुळवणी. आणि तुम्ही हसत हसत खाल्लंत! एक घास तरी घशात अडकला नाही का हो?

पुढं तळपाय जळजळायला लागले, तर मी वेड्यासारखी खोबरेल चोळत बसायची. तेव्हाही बोलला नाहीत.

पेन्शनीत दोघांच्या गोळ्या बसत नव्हत्या, हे काय मला कळलं नसतं? माझ्या तेवढ्या आणत राहिलात. लोक म्हणतील, केवढं प्रेम! मला नको असलं प्रेम. सगळा संसार दोघांनी मिळून रेटला आणि एवढी एक गोष्ट परस्पर ठरवलीत? माझ्या पाटल्या होत्या. पोरगा होता. पण तुमचं आपलं एकच, "लेकापुढं हात पसरायचा नाय." आणि बायकोच्या हातून विष खाल्लेलं चाललं?

मी माझ्या हातानं तुम्हाला गोड भरवलं. हे घेऊन आता कुठं जाऊ मी?

दुपारी राजूचा पुण्याहून फोन आला. नेहमीसारखं विचारलं, "आई, गोळ्या आहेत ना?" 'आहेत' अगदी ओठावर होतं. मग म्हटलं, "नाय रे. पैसे पुरत नाय. यापुढं तू आणायच्या." तो हळूच म्हणाला, "बाबांच्या पण पुरत नव्हत्या का गं?"

काय सांगायचं होतं मी? खरं तेच सांगितलं. तुमची झाकली मूठ मी उघडली. पोरगा फोनवर ढसाढसा रडला.

आता माझा शब्द ऐका. मी गोळ्या वेळच्या वेळी घेणार. संपल्या की मागणार, लाजणार नाही. आणि पुष्कळ जगणार आहे. तिकडं माझी वाट बघत असाल तर बसा बघत. इतक्यात मला तुमचं तोंड बघायचं नाही.

तुमच्यावर रुसलेली,
सुमन